सरहद्दीवरील माणुसकी

पॉल ग्रुनिंगर यांचा जन्म २७ ऑक्टोबर १८९१ रोजी स्वित्झर्लंडमधील सेंट गॅलन या शहरात झाला. शिक्षकाचे शिक्षण घेऊन त्यांनी काही काळ शाळेत शिकवले. फुटबॉलचीही त्यांना फार आवड होती. १९१९ साली ते पोलीस खात्यात दाखल झाले आणि पुढे कप्तान झाले.

मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया हा देश जर्मनीला जोडला. तेथील ज्यू लोकांचा छळ सुरू झाला. घरदार सोडून ते शेजारच्या स्वित्झर्लंडकडे धावू लागले. स्वित्झर्लंड हा तटस्थ देश, म्हणजे युद्धात कोणाचीही बाजू न घेणारा देश होता. परंतु ऑगस्ट १९३८ मध्ये तेथील सरकारने सरहद्द बंद केली. व्हिसा नसलेल्यांना परत पाठवण्याचा हुकूम निघाला.

सेंट गॅलनचा मुलूख ऑस्ट्रियाच्या सरहद्दीला लागून आहे. त्यामुळे हा हुकूम पाळण्याची जबाबदारी ग्रुनिंगर यांच्यावर आली. परत पाठवणे म्हणजे या लोकांना छळ करणाऱ्यांच्या हाती देणे, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी निर्वासितांना आत घेतले. सरहद्द बंद होण्यापूर्वीच ते आले होते असे दिसावे, म्हणून कागदपत्रांवर जुन्या तारखा घातल्या. शेकडो लोकांचे प्राण वाचले.

ही गोष्ट उघडकीस आली. १९३९ साली ग्रुनिंगर यांची नोकरी गेली, निवृत्तिवेतनही गेले. न्यायालयाने त्यांना गुन्हेगार ठरवून ३०० फ्रँक दंड केला. मुलीला शिक्षण अर्धवट सोडावे लागले. मिळेल ते काम करून त्यांनी संसार चालवला. पण केलेल्या कामाचा कधी पश्चात्ताप केला नाही. २२ फेब्रुवारी १९७२ रोजी ते गरिबीतच वारले.

१९९५ साली न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. १९९८ साली सेंट गॅलनच्या सरकारने त्यांच्या वारसांना नुकसानभरपाई दिली. वारसांनी ती रक्कम स्वतःसाठी न ठेवता ग्रुनिंगर यांच्या नावाने एक संस्था स्थापन केली.

परत पाठवलेल्या निर्वासितांना मात्र असा न्याय मिळाला नाही. १९४३ साली स्वित्झर्लंडच्या सरहद्दीवरून सोळा वर्षांच्या एका ज्यू मुलाला जर्मनांच्या हवाली करण्यात आले. तो मृत्यूच्या छावणीतून वाचला. म्हातारपणी त्याने भरपाई मागितली. २००० साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्याची मागणी फेटाळली. खर्चापोटी तेवढे १ लाख फ्रँक दिले.

त्याच महायुद्धाच्या काळात आपल्या कोल्हापूरजवळील वळिवडे येथे सुमारे ५ हजार पोलिश निर्वासितांना आसरा मिळाला होता. संकटात दार ठोठावणाऱ्याला वेळेवर आत घेणे, हीच खरी माणुसकी. गेलेला जीव कोणत्याही भरपाईने परत येत नाही. ग्रुनिंगर यांनी हे वेळेवर ओळखले, म्हणून ते थोर ठरले.