प्रोफेसर केळफा
(द्वितीय वर्ष, वाणिज्य शाखा)

फाळके हे आडनाव शेवटच्या अक्षराकडून वाचले तर केळफा होते. धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके याच उलट्या नावाने जादूचे प्रयोग करीत. 'राजा हरिश्चंद्र'मुळे दादासाहेब शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात; प्रोफेसर केळफा मात्र फारसे कोणाला ठाऊक नाहीत. माझ्या मते दादासाहेब समजून घ्यायचे तर केळफांपासूनच सुरुवात करावी.

त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे, संस्कृत पंडिताच्या घरी झाला. मुंबईचे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आणि मग बडोद्याचे कलाभवन येथे चित्रकला, छायाचित्रण असे शिक्षण झाले. गोध्र्यास फोटोचा स्टुडिओ काढला, तर तेथे प्लेगने पहिली पत्नी व मूल हिरावून नेले. पुढे पुराणवस्तु खात्यात नोकरी, नंतर छापखाना, मग भागीदारांशी मतभेद. मधल्या काळात एका जर्मन जादूगाराकडून हातचलाखीही शिकून झाली. धंद्याच्या दृष्टीने पाहिले तर चाळिशीपर्यंत या गृहस्थांचे खाते तोट्याचेच होते. अशा वेळी मुंबईत गिरगावात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला, आणि आपल्या देवदेवतांचेही असेच चित्रपट निघावेत हा ध्यास घेतला.

येथे थोडे थांबून चित्रपटाची मूळ युक्ती पाहू. फीत म्हणजे स्थिर चित्रांची माळ. त्या काळी कॅमेरा दांड्याने हाताने फिरवीत आणि सेकंदाला सुमारे १६ चित्रे घेत. ही माळ शेवटाकडून ओढली की काळ उलटा चालू लागतो. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या फितींचा पहिला खेळ झाला, त्यात भिंत पाडण्याची एक लहानशी फीत होती. युरोपात खेळ करणारे तीच फीत उलटी फिरवीत, आणि धुळीच्या लोटातून पडलेली भिंत पुन्हा उभी राही. लोक थक्क होत. माझी मावशी मध्य प्रदेशात बालाघाट जिल्ह्यातील परसवाड्यास असते. तिचा मुलगा मोबाईलवर अशाच उलट्या रील्स करतो. तळ्यातून पाय वर करून बाहेर उडतो आणि काठावर कोरडा ठणठणीत उभा राहतो! सव्वाशे वर्षांनंतरही युक्ती तीच आहे. दांडा गेला, बोट आले.

दादासाहेबांनी पहिल्या प्रयोगात काळ उलटा फिरवला नाही, तो दाबून लहान केला. १९१२ साली विमा पॉलिसी गहाण टाकून ते लंडनला गेले, कॅमेरा वगैरे साहित्य ठरवून परत आले. हाती यंत्र होते, पण चित्रपटासाठी भांडवल नव्हते. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभर नेटाने त्याची थोडी थोडी चित्रे घेतली. एक मिनिटाच्या फितीला साधारण ९६० चित्रे लागतात. यावरून चिकाटीची कल्पना यावी. पडद्यावर दाणा फुटला, कोंब आला आणि पाहता पाहता वेल झाला. 'अंकुराची वाढ' हेच त्या फितीचे नाव. ती पाहून सावकार पैसे देण्यास तयार झाला. आमच्या पुस्तकात कंपनीच्या माहितीपत्रकावर एक प्रकरण आहे, परंतु इतके बोलके माहितीपत्रक मी अन्य कोठे वाचलेले नाही.

३ मे १९१३ रोजी कॉरोनेशन सिनेमात 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्याची कथा सर्वांना ठाऊक आहे, म्हणून लिहीत नाही. दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाई यांनी मात्र अंधारात बसून कोऱ्या फितीला भोके पाडली, फीत धुतली, दागिने दिले आणि साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही केला. आजच्या हिशोबात त्या भागीदार ठरल्या असत्या.

मोठ्या चित्रपटांबरोबर दादासाहेब लहान फितीही काढीत. 'आगकाड्यांची मौज' या फितीत आगकाड्या आपल्याआप हलून आकार धरतात. एकेक चित्र घ्यायचे, काडी सरकवायची, पुन्हा चित्र घ्यायचे, असा तो उद्योग. जादूगार केळफाही फितीवर आले. हा पोरखेळ नव्हता. 'लंकादहन'मधील (१९१७) आणि 'कालियामर्दन'मधील (१९१९) चमत्कार याच हाताने घडले. 'कालियामर्दन'मध्ये कृष्ण झाली होती त्यांची चिमुरडी मंदाकिनी.

१९१८ साली भागीदारांसह हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली. भागीदारांना हिशोब हवा होता आणि दादासाहेबांना मनाजोगे चित्र. दोघांचेही आपल्या जागी बरोबर, असे मला वाटते. ते कंपनी सोडून काशीस गेले, तेथे 'रंगभूमी' नाटक लिहिले, पुन्हा परतले. तोवर काळ पुढे सरकला होता. मूक म्हणून काढलेल्या 'सेतुबंधन'ला मागाहून आवाज चढवावा लागला. कोल्हापुरास काढलेला 'गंगावतरण' (१९३७) हा त्यांचा एकच खराखुरा बोलपट, आणि तोच अखेरचा.

युद्धकाळात चित्रपट काढण्यास सरकारी परवाना लागे. त्र्याहत्तराव्या वर्षी दादासाहेबांनी तो मागितला. फेब्रुवारी १९४४ मध्ये नकाराचे उत्तर आले, आणि १६ तारखेस नाशिकला त्यांचे निधन झाले.