क्रियापदांच्या शेपट्या आणि मेजर कँडी

जुन्या घरांतल्या कपाटात मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाचा जाडजूड ठोकळा अजूनही सापडतो. १८३१ मध्ये निघालेल्या त्या कोशाच्या कामात मोल्सवर्थ यांना टॉमस आणि जॉर्ज कँडी या जुळ्या भावांची साथ होती. पुढे उलट दिशेचा, म्हणजे इंग्रजी-मराठी कोश मोल्सवर्थ यांनी हाती घेतला. पण प्रकृतीने दगा दिला आणि त्यांना मायदेशी परतावे लागले. ते अर्धवट ओझे टॉमस कँडी यांनी खांद्यावर घेतले आणि १८४७ मध्ये कोश पुरा करून दाखवला.

कँडी यांचा जन्म इंग्लंडमधला, १८०४ सालचा. ऐन तारुण्यात ते कंपनीच्या फौजेत हिंदुस्थानात आले. तलवारीपेक्षा त्यांची गट्टी जमली ती मराठीशी. १८३७ पासून पुण्याच्या संस्कृत पाठशाळेची व्यवस्था त्यांच्याकडे आली. १८५१ मध्ये पाठशाळा आणि इंग्रजी शाळा एकत्र होऊन पूना कॉलेज झाले, तेव्हा त्याचे प्राचार्यपदही त्यांच्याकडेच होते. शालेय पुस्तके तपासणे, कायद्यांची भाषांतरे करणे हे पुढे त्यांचे जन्माचे काम झाले. १८५० मध्ये त्यांनी विरामचिन्हांवर पुस्तक लिहिले. आज आपण मराठीत जो स्वल्पविराम सहज देतो, त्यामागे या साहेबाचे कष्ट आहेत.

इंग्रजी शब्दाला मराठी शब्द देणे वरवर सोपे वाटते. खरी परीक्षा असते ती लहान क्रियापदांची. ‘पुट’ म्हणजे ठेवणे, हे पोरही सांगेल. पण ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे, ‘पुट आउट’ म्हणजे विझवणे, ‘पुट ऑन’ म्हणजे अंगात घालणे, आणि ‘पुट अप विथ’ म्हणजे निमूटपणे सोसणे! शेपटी बदलली की प्राणीच बदलतो. शाळेत याला फ्रेझल व्हर्ब म्हणतात. मुले त्यांच्या याद्या पाठ करतात आणि परीक्षा संपताच विसरतात.

ही शेपटी न कळण्याची किंमत केवळ गुणांची नसते. माझी नोकरी बँकेत गेली. तिथे ‘राइट ऑफ’ हा शब्द रोजचा. बुडीत वाटणारे कर्ज हिशेबाच्या वहीतून कमी करायचे, इतकाच त्याचा अर्थ. कर्जदाराचे देणे त्याने फिटत नाही. वसुली चालूच राहते. ‘वेव्ह’ केले तरच ते माफ झाले. पण वर्तमानपत्रात ‘राइट ऑफ’ वाचून कर्ज माफ झाले असे समजणारे पुष्कळ भेटले. विदर्भातल्या शेतकऱ्याच्या घरात हा गैरसमज शिरला, तर नंतर दारात येणारी नोटीस किती जड जाईल, याची कल्पना करावी.

आणि इंग्रजीला नावे तरी का ठेवावीत? आपले ‘टाकणे’ घ्या. माणूस पाऊल टाकतो, कुणासाठी शब्द टाकतो, कुणाला वाळीत टाकतो, कुणावर हात टाकतो आणि शेवटी मान टाकतो. यातला एकही अर्थ ‘फेकणे’ या शब्दावरून परक्याला उमगणार नाही. कँडी यांच्यासमोर मराठी अशीच उभी होती. दोन्ही भाषांचे हे चकवे ओलांडायचे, तर सुटा शब्द कामाचा नाही, बोलण्यातले अख्खे वाक्यच हाती धरावे लागते. १८५८ मध्ये त्यांनी ‘भाषणसांप्रदायिक वाक्ये’ या नावाचे पुस्तक काढले. शब्दांच्या कोशात वर्षे घालवलेला माणूस वाक्यांकडे वळला, हे मला फार बोलके वाटते.

तरीही मराठी त्यांना सर्वस्वी वश झाली, असे म्हणता येत नाही. त्यांच्या देखरेखीखालच्या क्रमिक पुस्तकांच्या मराठीला इंग्रजी वळण लागले, अशी तक्रार पुढच्या पिढीतल्या विद्वानांनी केली, आणि ती अगदीच निराधार नव्हती. सारे आयुष्य वेचूनही परकी भाषा थोडी परकीच राहते.

म्हणून घरातल्या मुलाला ‘गिव्ह अप’ आणि ‘गिव्ह इन’ यांतला फरक कळला नाही, तर त्याच्यावर डाफरू नये. यादी बाजूला ठेवून त्याच्याकडून दोन वाक्ये बोलून घ्यावीत; उद्या आणखी दोन. २६ फेब्रुवारी १८७७ रोजी महाबळेश्वरला कँडी वारले, तेव्हा त्यांच्या हिंदुस्थानातल्या वास्तव्याला पन्नास वर्षे उलटून गेली होती. इतक्या वर्षांनीही मराठीने त्यांची परीक्षा घेणे थांबवले नव्हते. आपल्या मुलाला इंग्रजीसाठी एक शालेय वर्ष कसे पुरेल?