चुंबकसूचीचे रखवालदार : नानाभॉय मूस

वैशाखात घोडनदीवर आणि भीमेवर वळवाचे ढग दाटून आले, की शिरूर-दौंडकडील सावध रेडिओचालक आपल्या यंत्राची एरियलची तार आधी सोडवून ठेवतो. वीज दूर कोसळली तरी तिचा विद्युत्-चुंबकीय धक्का तारेवाटे आत शिरून नाजूक भाग जाळू शकतो. तार सोडवावी, यंत्र धातूच्या पेटीत बंद करावे, म्हणजे धोका पुष्कळ कमी होतो. परंतु चुंबकीय बदल टिपणे हेच ज्या यंत्राचे काम, ते पेटीत कोंडून कसे चालेल? हा पेच मुंबईत ज्यांनी सोडविला, ते नानाभॉय अर्देशिर फ्रामजी मूस.

नानाभॉयांचा जन्म २९ ऑक्टोबर १८५९ रोजी झाला. त्याच्या दोनच महिने आधी सूर्यावरील एका प्रचंड उद्रेकामुळे पृथ्वीवर चुंबकीय वादळ लोटले होते. युरोप-अमेरिकेतील तारायंत्रांतून ठिणग्या उडाल्या, तारबाबूंना झटके बसले. कारण तार जितकी लांब, तितका तिच्यात उत्पन्न होणारा प्रवाह मोठा. कुलाब्याच्या वेधशाळेत निरीक्षकांनी चुंबकसूचीची त्या वेळची हालचाल डोळ्यांनी पाहून लिहून ठेवली. त्या नोंदींचा सांभाळ पुढे नानाभॉयांकडेच यावयाचा होता.

पुण्यात स्थापत्यशास्त्राचे व पुढे एडिंबरोस विज्ञानाचे शिक्षण घेऊन १८९६ साली ते या वेधशाळेचे संचालक झाले. त्या पदावर बसलेले ते पहिले भारतीय. पुढच्याच वर्षी आसामात मोठा भूकंप झाला, तेव्हा कुलाब्याची चुंबकयंत्रेही थरथरली. १८९८ साली तेथे भूकंपमापक यंत्र आले.

खरी कसोटी लागली ती विजेच्या ट्रामगाड्यांमुळे. मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेवर चालणाऱ्या ट्राम आणण्याचे ठरले. ट्रामच्या रुळांतून परतणारा विद्युत्प्रवाह थोडाफार जमिनीत झिरपतो व आसपास चुंबकीय गडबड माजवतो. सूची मग सूर्याची हालचाल सांगते की ट्रामची, हे ओळखावे कसे? १८४१ पासून चालत आलेला वेधांचा क्रम असा मातीमोल झाला असता. शहराची सोय तर अडवून धरता येत नव्हती. सूचीलाच शहरापासून दूर नेणे, एवढा एकच मार्ग उरला.

समुद्रापलीकडील अलिबाग हे ठिकाण निवडण्यात आले. तेथील इमारतीसाठी चुंबकाला न ओढणारा पोरबंदरी दगड आणला. लोखंड कटाक्षाने टाळले. पण जागा बदलली की आकडेही बदलतात, आणि जुन्या-नव्या नोंदींचा सांधा तुटतो. म्हणून १९०४ पासून सुमारे दोन वर्षे कुलाबा व अलिबाग येथे एकाच वेळी वेध घेण्यात आले. दुहेरी श्रमांचे हे काम कंटाळवाणे खरे. पण नानाभॉयांची थोरवी नव्या इमारतीपेक्षा या चिकाटीतच अधिक दिसते. विजेची पहिली ट्राम मुंबईत १९०७ साली धावली, तोवर सूची सुरक्षित स्थळी पोचली होती.

१८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदी पारखून त्यांनी दोन खंडांत प्रसिद्ध केल्या. १९३६ साली ते निवर्तले. १८५९ च्या वादळाचे बळ किती होते, याचा हिशेब शास्त्रज्ञांनी २००३ साली मांडला, तो कुलाब्याच्याच नोंदींवरून. आणि अलिबागची यंत्रे आजही वेध घेत आहेत.