डोंगरातील बोलींचे उपासक : कै. सेतुमाधवराव पगडी

हैदराबादच्या मराठी माणसास कै. सेतुमाधवराव पगडी हे नाव अपरिचित नाही. छत्रपती शिवाजी महाराजांचे चरित्रकार, फार्सी साधनांचे अभ्यासक व उर्दू काव्याचे मर्मज्ञ म्हणून त्यांची ख्याती आहे. आदिलाबादच्या डोंगरात त्यांनी केलेले कार्य मात्र फारसे सांगितले जात नाही. भाविकांच्या माहितीसाठी ते आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

सेतुमाधवरावांचा जन्म 27 ऑगस्ट 1910 रोजी निलंगा येथे झाला. हे गाव तेव्हा निजामाच्या राज्यात होते. आज ते लातूर जिल्ह्यात आहे. शिक्षणानंतर ते हैदराबाद संस्थानच्या मुलकी सेवेत दाखल झाले.

आदिलाबादच्या गोंडांसाठी तो काळ कठीण होता. जमीन व जंगलाच्या हक्कांसाठी लढणारे कुमराम भीम 1940 साली जोडेघाट येथे पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. राज्याचा कारभार उर्दूत चाले. गोंडाचे गाऱ्हाणे त्याच्या बोलीत समजून घेणारा अधिकारी विरळाच. सेतुमाधवराव गोंडी शिकले, कोलामीही शिकले. दोन्ही भाषांची व्याकरणे त्यांनी लिहिली; त्यांपैकी कोलामीचे 1950 साली हैदराबादेत प्रसिद्ध झाले. आदिलाबादच्या गोंडांच्या जीवनावर त्यांनी इंग्रजीत ग्रंथही लिहिला.

या कार्याचे मोल आम्हा भाविकांना विशेष कळावे. गोंडांचे पुराण पोथीत नाही. देवांची उत्पत्ती, पहांदी कुपार लिंगोची कथा, कुळांची परंपरा हे सर्व प्रधान गायक किकरी वाजवून पिढ्यान्‌पिढ्या गात आले आहेत. बोली लोपली तर त्यांचे दैवतही मुके होईल. मोगल दरबाराची कागदपत्रे वाचणाऱ्या या विद्वानाने कागदावर नसलेल्या इतिहासालाही तेवढाच मान दिला, हे त्यांचे मोठेपण होय.

पुढे मुंबईस महाराष्ट्राच्या गॅझेटियर विभागाचे काम त्यांनी सांभाळले. 1992 साली त्यांना पद्मभूषण किताब मिळाला. 14 ऑक्टोबर 1994 रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे समग्र वाङ्मय हैदराबादच्या मराठी साहित्य परिषदेने प्रकाशित केले आहे.

पौष अमावास्येस केसलापूरला मेसराम कुळाच्या नागोबाची जत्रा भरते. तेथे जाणाऱ्या भाविकांनी दर्शनानंतर घटकाभर थांबून किकरीचे सूर अवश्य ऐकावेत, ही आमची विनंती. सेतुमाधवरावांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.