एक्सप्लेनर : तांब्यावरून अल्कोहोलची वाफ नेली आणि कीटोन मिळाले, कोण होते पॉल साबातिए?

दौंड तालुक्यातील कुरकुंभ एमआयडीसीत रासायनिक कारखाने आहेत. शिरूर-दौंड पट्ट्यातून केमिकल प्लांटमध्ये कामाला जाणाऱ्यांना ‘कॅटॅलिस्ट’ हा शब्द नवा नाही. कॅटॅलिस्ट म्हणजे उत्प्रेरक. तो रासायनिक क्रिया वेगाने घडवतो, पण स्वतः खर्ची पडत नाही. धातूंच्या या गुणाचा कसून अभ्यास केला पॉल साबातिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने.

साबातिए यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८५४ रोजी दक्षिण फ्रान्समधील कार्कासोन इथला. पॅरिसमध्ये १८८० ला डॉक्टरेट मिळवून ते १८८२ मध्ये तुलूझला आले आणि तिथलेच झाले.

१८९७ मध्ये त्यांनी सहकारी सेंडेरेन्स यांच्यासह निकेलच्या भुकटीवरून इथिलीन आणि हायड्रोजन वायू नेले. इथेन तयार झाला. तेलापासून वनस्पती तूप बनते ते याच तत्त्वावर.

मग दोघांनी उलटा विचार केला. हायड्रोजन जोडता येतो, तर काढताही येईल का? १९०३ मध्ये त्यांनी तापलेल्या तांब्यावरून अल्कोहोलची वाफ सोडली. दुय्यम अल्कोहोलमधून हायड्रोजन सुटला आणि कीटोन उरले. आयसोप्रोपिल अल्कोहोलपासून मिळाले ॲसिटोन, म्हणजे नेलपॉलिश काढायला वापरतात तेच.

यात विशेष काय? हीच क्रिया क्रोमियमच्या क्षारांनी केली, तर क्रोमियमयुक्त विषारी सांडपाणी उरते. तांब्याच्या पद्धतीत सोबत निघतो तो फक्त हायड्रोजन, आणि तोही वापरता येतो. आज बहुतेक ॲसिटोन क्युमीनपासून बनते हे खरे. पण नायलॉनच्या कच्च्या मालासाठी लागणारे सायक्लोहेक्झानोन तांब्याच्या उत्प्रेरकावरही बनवतात.

साबातिए यांच्या मते धातूच्या पृष्ठभागावर तात्पुरते संयुग बनते आणि लगेच तुटते. पकड फार सैल असेल तर क्रिया होत नाही. फार घट्ट असेल तर धातू अडकून पडतो. गंधकाचा अंशही उत्प्रेरक निकामी करतो, हेही त्यांनी नोंदवले.

१९१२ चे रसायनशास्त्राचे नोबेल साबातिए आणि व्हिक्टर ग्रिन्यार यांना विभागून मिळाले. पेशाने धर्मगुरू असलेल्या सेंडेरेन्स यांचे नाव त्यात नव्हते. इतकी वर्षे एकत्र शोधनिबंध लिहिलेला माणूस बाहेर राहिला, हे आजही खटकते.

पॅरिसमधील मानाचे पद साबातिए यांनी नाकारले होते. फ्रेंच विज्ञान अकादमीचे सदस्य तेव्हा पॅरिसचे रहिवासीच असत. १९१३ मध्ये बाहेरच्यांसाठी जागा निर्माण झाल्या आणि पहिली निवड साबातिए यांची झाली. १४ ऑगस्ट १९४१ रोजी तुलूझमध्येच त्यांचे निधन झाले.