मावळतीचा सूर्य आणि बाबूराव पेंटर

हिवाळ्यात जयसिंगपूरकरांना सूर्य कोल्हापूरच्या अंगाला बुडताना दिसतो. उदगावच्या वाटेवर आमचे शेत आहे. तेथे आजोबांची उसाच्या पाल्याने शाकारलेली खोप होती. उन्हाळ्यात ती काढून पत्र्याची शेड घालायचे घरात ठरले, तेव्हा मावळत्या सूर्यासह तिचा एक चांगला फोटो घ्यावा असे माझ्या मनात आले. तीन संध्याकाळी मोबाईल घेऊन गेलो. तिन्ही वेळा सूर्याच्या जागी पांढरे भोक, आकाश फिके आणि खोप धुरकट! डोळ्यांनी पाहिलेला केशरी रंग गेला कोठे, हे काही कळेना.

त्याच सुमारास कोल्हापुरात खरी कॉर्नरचा कॅमेरा स्तंभ पाहिला आणि बाबूराव पेंटर यांच्याविषयी मिळेल ते वाचू लागलो. 'कलामहर्षी' ही पदवी आपण शाळेपासून ऐकतो, पण या माणसाने आपला कॅमेरा स्वतः तयार केला होता, हे निदान मी तरी कधी नीट मनावर घेतले नव्हते.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. घराणे कारागिरांचे. पुस्तकी शिक्षण बेताचे, पण सुतारकाम, चित्र, मूर्ती हे सगळे घरातच हाताला लागले. नात्याने भाऊ असलेल्या आनंदरावांबरोबर ते नाटक कंपन्यांचे पडदे रंगवू लागले आणि मेस्त्रींचे 'पेंटर' झाले. १९१३ साली फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि दोघा भावांना चलच्चित्राचे वेड लागले. कॅमेरा तयार करण्याची खटपट सुरू असतानाच १९१६ साली आनंदराव वारले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या मदतीने ते काम १९१८ पर्यंत तडीस नेले. गायिका तानीबाई कागलकर यांनी भांडवल दिले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण माझ्या केशरी रंगाचे उत्तर मला येथेच सापडले. त्या काळच्या फिल्मला तांबडा रंग दिसतच नसे. तांबडे ते काळे उमटायचे आणि निळे आकाश पांढरेफटक. म्हणून तर डार्करूममध्ये लाल दिवा चालत असे. सर्व रंगांची जाण असलेली फिल्म रूढ व्हायला १९२० चे दशक संपत आले. म्हणजे ज्या माणसाचे हात रंगात मुरलेले, त्याच्या हाती असे यंत्र आले की ज्याला सांजवेळेचा मुख्य रंगच दिसत नाही! बाबूरावांना ही अडचण कशी वाटली असेल, याचा विचार मी पुष्कळ केला. माझ्या मते त्यांनी डोळ्यांना काय दिसते हे बाजूला ठेवून कॅमेऱ्याला काय दिसते याचा हिशेब मांडला असावा. त्यांच्या कामावरून तरी तसेच वाटते. पडदे रंगवणाऱ्या या माणसाने सिनेमात रंगीत पडद्यांऐवजी भरीव, खऱ्या घरासारखे सेट उभारले, कारण पडद्यावर रंगवलेली सावली आणि प्रकाशाने पडलेली सावली या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पुढे कृत्रिम प्रकाशाचे प्रयोगही केले.

'सैरंध्री' १९२० साली आला. त्यातला कीचकवध फार गाजला, सेन्सॉरने कात्री लावली, आणि लोकमान्यांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. हे सर्वांना ठाऊक आहे, म्हणून लांबण लावत नाही.

मला खरा ओढून घेतला तो 'सावकारी पाश' (१९२५) या मूकपटाने. कथा नारायण हरी आपटे यांची. सावकाराच्या कर्जात जमीन गमावलेला शेतकरी शहरात जाऊन गिरणी कामगार होतो. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम होते. पौराणिक देखाव्यांना सरावलेल्या प्रेक्षकांपुढे बाबूरावांनी आपल्या शिवारातले दुःख ठेवले. त्यातले एक दृश्य पाहणारे जन्मभर विसरले नाहीत. ते दृश्य म्हणजे अंधुक उजेडातली एक उदास झोपडी आणि रडणारे कुत्रे. मूळ मूकपट आज पाहायला मिळत नाही. झोपडी राहिली आहे ती केवळ आठवणींतून.

१९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर हे तयार झालेले शिष्य बाहेर पडले आणि त्यांनी 'प्रभात' काढली. दोन वर्षांत बाबूरावांची कंपनी बंद झाली. बोलपटात त्यांचा जीव रमला नाही असे दिसते. 'उषा', बोलका 'सावकारी पाश', 'प्रतिभा' हे चित्रपट त्यांनी केले, पण कुंचला आणि मूर्तिकामाकडे ते पुनःपुन्हा वळत राहिले. १६ जानेवारी १९५४ रोजी त्यांचे निधन झाले. शिष्यांची नावे आज जितकी घेतली जातात तितके गुरूचे घेतले जात नाही, हे मला खटकते.

चौथ्या संध्याकाळी मी त्या झोपडीचा विचार करतच शेतावर गेलो. या वेळी मोबाईलच्या पडद्यावर खोपीवर बोट न टेकवता आकाशाच्या उजळ भागावर टेकवले. लगेच सारे चित्र काळवंडले आणि हरवलेला केशरी रंग आकाशात परत आला. खोपीचा नुसता काळा आकार उरला. तरी सूर्याचा डाग डोळ्यांत खुपत होता. मग तो बुडेपर्यंत बांधावर बसलो आणि आणखी पंधरा मिनिटांनी, आकाश तांबूस असताना, फोटो घेतला.

आजोबांना दाखवला. यात सूर्य कुठे आहे, असे त्यांनी विचारले. मग मोबाईल डोळ्यांजवळ धरून खोपीच्या वळचणीला टांगलेली आपली घोंगडी त्यांनी बरोबर ओळखली. मला ती तोवर दिसलीच नव्हती.