उसाच्या चिपाडाची वीज आणि विठ्ठलराव विखे पाटील

साखर कारखान्याच्या चिमणीतून धूर दिसला की मला वाटायचं, आत कोळसा जळतोय. पण जळत असतं ते उसाचं चिपाड! म्हणूनच आज विठ्ठलराव विखे पाटलांची गोष्ट सांगतो.

ते नगर जिल्ह्यातल्या लोणीचे शेतकरी. शाळा जेमतेम चौथीपर्यंत. शेतकरी कर्जात बुडालेले पाहून त्यांनी १९२३ मध्ये गावात सहकारी पतपेढी काढली. पुढे गावोगाव फिरून कारखान्यासाठी शेअर गोळा केले. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ सोबत आले आणि १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाला. १९६१ मध्ये विठ्ठलरावांना पद्मश्री मिळाली.

आता मशीनकडे वळू. गव्हाणीतून ऊस आत गेला की कटर त्याचे तुकडे करतो. मग श्रेडरचे फिरते हातोडे त्याच्या धाग्या-धाग्या करतात. त्यामुळे रस नीट निघतो, आणि उरलेलं चिपाड, म्हणजे बगॅस, बारीक असल्याने बॉयलरमध्ये चांगलं जळतं. १ टन उसामागे साधारण ३०० किलो बगॅस मिळतं. त्यात निम्मं पाणीच असतं. त्याच्या वाफेवर टर्बाइन फिरतं, वीज होते आणि तीच वाफ पुढे रस आटवते. आज अनेक कारखाने उरलेली वीज ग्रिडला विकतात.

खासगी कारखान्याला ऊस विकला की चिपाडही मालकाचं. सहकारात ते सभासदांचं. विठ्ठलराव १९८० मध्ये गेले. पण विजेचे पैसे उसाच्या भावात उतरले का, हे सभेत उभं राहून विचारायचा हक्क शेतकऱ्याला त्यांच्यासारख्यांमुळेच मिळाला.